वर्षानुवर्षं मोजूनमापून खाल्ल्यावर आता पोटभर जेवलं की अपराधी वाटतं, याचं काय करायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साडेतीन वर्षं कॅलरी मोजून जेवलात, पाळी थांबली, केस हातात यायला लागले, मग डॉक्टरांनी खाणं वाढवायला सांगितलं. तुम्ही धीर करून ते वाढवलंतही. पण आता पोटभर जेवलं की रडू येतं, आपण हरलो असं वाटतं, आणि काल दुपारी दोन पोळ्या जास्त झाल्या म्हणून रात्री तुम्ही जेवलाच नाहीत. हे कधी थांबणार, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. पण या वाटेने मी गेलेय. चार वर्षं मोजून खाण्यात गेली आणि पुढची जवळपास दोन वर्षं त्यातून बाहेर येण्यात. माझं वजन किती होतं, मी किती कॅलरींवर राहायचे, ते इथे मुद्दाम लिहीत नाही. त्या दिवसांत मी इतर बायकांचे असे आकडे शोधायचे आणि मनात म्हणायचे, बघ, ती तर तुझ्यापेक्षाही कमी खाते. ते वाचून कुणाचंच भलं होत नाही.

आधी सरळ उत्तर देते. भीती गेली की मी नीट जेवेन, असं धरून मी कितीतरी महिने वाट बघत बसले. तसं झालं नाही. जेवण आधी सुरू झालं, रोज, वेळेवर, भीतीसकट. भीती त्याच्या खूप मागून ओसरली, आणि तीही एकदम नाही.

मला सगळ्यात जास्त धीर आला तो एका जुन्या प्रयोगाची माहिती वाचून. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात माणसं उपाशी होती आणि अशा माणसांना पुन्हा जेवणावर कसं आणायचं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तेव्हा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण निवडले. सगळे धडधाकट, तत्त्वासाठी युद्धात लढायला नकार दिलेले आणि स्वखुशीने आलेले. नोव्हेंबर १९४४ मध्ये प्रयोग सुरू झाला. पहिले १२ आठवडे नीट जेवण, आणि मग २४ आठवडे दिवसाला साधारण १५७० कॅलरी: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. वजनं जवळपास चौथ्या हिश्शाने उतरली. सतत थंडी वाजायला लागली, नाडी मंदावली, माणसं चिडचिडी आणि एकलकोंडी झाली, आणि डोक्यात चोवीस तास जेवण. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. मी हे वाचलं तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये बिर्याणीचे आणि केकचे शेकडो व्हिडिओ साठवलेले होते. त्यातला एकही पदार्थ मी केला नव्हता.

तुमच्या प्रश्नाशी खरा संबंध आहे तो पुढच्या भागाचा. उपासमार संपली, जेवण वाढवलं, आणि त्या टप्प्यात बऱ्याच जणांचं मन आणखीच खचलं. पोट भरलं तरी भूक जाईना. ज्यांचं खाणं अगदी थोडं वाढवलं होतं, ते फारसे सुधारतच नव्हते. शेवटी सगळ्यांचंच आणखी वाढवावं लागलं. बंधन उठल्यावर काही जण दिवसाला ५००० कॅलरींहूनही जास्त खात होते आणि तरी त्यांना अजून हवं होतं. जवळपास साठ वर्षांनी, हयात असलेल्यांच्या मुलाखती झाल्या, तेव्हाही हा सावरण्याचा काळच सगळ्यात कठीण गेल्याचं पुढे आलं. पूर्ववत व्हायला कुणाला दोन महिने लागले, कुणाला दोन वर्षं.

या मुलांना बारीक व्हायची हौस नव्हती. तरीही तुमचं-माझं जे झालं, तेच त्यांचं झालं. तेव्हा ही जी खा-खा सुटते ती तुमच्या चारित्र्यातली खोट आहे, असं कृपा करून मानू नका. इतक्या वर्षांची उपासमार शरीर भरून काढतंय.

आमच्याकडे अशा भुकेला भस्म्या म्हणतात. मला तो शब्द ऐकून फार लाज वाटायची. एका रात्री साडेअकराला मी ओट्याशी उभी राहून पोळीला तूप-साखर लावून खात होते. एक, मग दुसरी, अशा पाच पोळ्या. मग तिथेच फरशीवर बसून रडले. आवाजाने आई उठून आली. ती काही बोलली नाही. पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि शेजारी बसली. पोळ्यांचा डबा तिने माझ्यासमोरून उचलला नाही, हे मला अजून आठवतं. तुमच्या घरात असं एखादं माणूस असेल तर त्याला हे सगळं सांगून ठेवा. सल्ला द्यायचा नाही, फक्त बसायचं, एवढंच मागा.

आता काट्याबद्दल. खाणं वाढवल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत वजन झपकन वाढतं, आणि तिथेच बहुतेक जणी घाबरून मागे फिरतात. मीही दोनदा फिरले. ही वाढ बरीचशी पाण्याची असते. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा परत भरतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. शिवाय खूप दिवस कमी खाल्ल्याने जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून थोडं खाल्लं तरी पोट फुगतं, तडस लागते. पुढे चरबी आधी परत येते आणि स्नायू मागून. मिनेसोटातल्या मुलांचंही असंच झालं होतं. मधले ते काही महिने आरशातलं पोट बघवत नाही, हे मान्यच करते. मी वजनकाटा शेजारच्या काकूंना देऊन टाकला, स्वयंपाकघरातला छोटा काटाही. डॉक्टरांना वजन हवं असेल तर काट्यावर पाठ करून उभं राहा आणि आकडा त्यांनाच बघू दे. घट्ट झालेले कपडेही कपाटातून काढा. रोज सकाळी चुडीदार मांडीवर अडला की दिवस तिथेच संपतो.

हरल्यासारखं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय, त्यावर थोडं थांबते. मी बारीक असताना लोक माझं कौतुक करायचे. शिक्षकांच्या खोलीत वाढदिवसाचा पेढा मी हातात घेऊन परत ठेवायचे आणि बाकीच्या म्हणायच्या, "काय गं निश्चय तुझा!" चार वर्षं मी त्या निश्चयावर जगले. तो सोडताना खरंच काहीतरी हातातून जातं. लोक म्हणतात, त्यात रडण्यासारखं काय, उलट बरीच होतेयस की. मला ते पटत नाही. रडण्यासारखं असतं, आणि रडून घ्यावं.

आणि अजून एक. बाबा गेले त्या वर्षी मी मोजायला लागले होते. त्या घरात काहीच आपल्या हातात उरलं नव्हतं, ताटातलं मात्र होतं. उपाशी माणसाचं मन बधिर होतं, आणि मला तेव्हा ते बधिरपण हवंच होतं. जेवण वाढलं तसं एकेक जागं व्हायला लागलं. बाबांसाठी मी तेराव्यालाही रडले नव्हते. ते रडू मला चार वर्षांनी आलं, शिऱ्याची वाटी समोर ठेवून, कारण शिरा त्यांना आवडायचा. तुम्हाला जेवल्यावर जे रडू येतं, ते सगळंच दोन पोळ्यांचं असेल असं मला वाटत नाही. त्या वेळी वहीत दोन ओळी लिहून ठेवा, कशाची आठवण आली, कुणाचा राग आला. कॅलरी सोडून काहीही लिहा.

"शरीराचं ऐका, भूक लागेल तेव्हा खा," हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. सुरुवातीच्या काळात तो मला निरुपयोगीच नव्हे, घातक वाटतो. एक दिवस भूक लागतच नाही, दुसऱ्या दिवशी थांबतच नाही, ऐकायचं कुणाचं? माझ्या आहारतज्ज्ञ बाई म्हणायच्या, "भूक आहे का ते विचारू नका, किती वाजले ते बघा." सकाळी आठला पोहे किंवा उपमा, अकराला केळं-दूध, एकला पूर्ण जेवण, चारला लाडू किंवा शेंगदाणे-गूळ, साडेआठला पुन्हा पूर्ण जेवण. भातावर तूप हवंच. मला तुपाची सगळ्यात जास्त भीती होती, म्हणून सुरुवात तिथूनच केली: पहिला आठवडा अर्धा चमचा, मग एक. आईच्या हातून वाढून घ्यायचे, स्वतः वाढलं की हात आखडायचा. औषधाच्या गोळीबद्दल आपण अपराधी वाटून घेत नाही. त्या वर्षी जेवण माझ्यासाठी गोळीच होतं. वेळ झाली, घेतलं. असं सहा-सात महिने केल्यावर एक दिवस शाळेत मधल्या सुट्टीआधी पोटात कावळे ओरडायला लागले, साधे, पूर्वीसारखे. डबा खाल्ल्यावर ते थांबले.

उपवास बंद करा. हे लिहिताना मला कळतंय की काहींच्या घरात हे अवघड आहे. मी चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र सगळं धरायचे आणि त्यामागे माझं न खाणं छान लपायचं. घरात उलट कौतुक व्हायचं. शेवटी मी आईला खरं सांगितलं. आजारी माणसाला आणि गर्भार बाईला उपवासाची सूट आपल्याकडे पूर्वीपासून आहे, आणि मी आजारी होते. आता मी चतुर्थीला पूजा करते आणि जेवते.

नातेवाइकांचं मात्र माझ्याकडे काही फार चांगलं उत्तर नाही. "अंग धरलंयस हं," असं आत्या लग्नात सगळ्यांसमोर म्हणाली आणि मी हात धुवायला म्हणून पंगतीतून उठून गेले. नंतर मी एक वाक्य ठरवून ठेवलं, "डॉक्टरांनी सांगितलंय, तब्येत सुधारतेय." ते म्हणून विषय बदलायचा. दर वेळी जमत नाही.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. तुमचं वजन फारच कमी असेल, थोड्या काळात खूप उतरलं असेल किंवा मधे काही दिवस जवळपास काहीच पोटात गेलं नसेल, तर एकट्याने एकदम खाणं वाढवू नका. अशा वेळी रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम घसरू शकतं आणि ते जिवावर बेततं. डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. पायांवर सूज, छातीत धडधड, धाप, गोंधळल्यासारखं वाटणं, यातलं काही झालं तर लगेच दवाखाना गाठा. जेवून झाल्यावर मुद्दाम उलटी काढत असाल, जुलाबाच्या गोळ्या घेत असाल किंवा जगूच नये असे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना हे स्पष्ट सांगा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. मी स्वतः दीड वर्ष समुपदेशकांकडे जात होते. माझ्या मते ते मी दोन वर्षं आधी करायला हवं होतं.

आणि आज रात्रीचं. दुपारी कितीही झालेलं असो, रात्रीचं जेवण सोडू नका. सोडलंत तर उद्या दुपारी भूक दुप्पट होऊन येईल, मग पुन्हा अपराधी वाटेल, पुन्हा रात्र उपाशी जाईल. हा फेरा कुठूनतरी तोडायचा तर तो रात्रीच्या ताटापाशीच तुटतो. फार काही नको. वरण-भात, वर तूप, लिंबू, एखादी भाजी. कुणाबरोबर तरी बसा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. जेवल्यावर अर्धा तास फार वाईट वाटेल. त्या अर्ध्या तासाचं काम आधीच ठरवून ठेवा. मी उद्याची भाजी निवडत बसायचे, आईशेजारी.