फीचा आकडा पाहून कॉलेज खोडू नकोस

प्रिय मुली,

तू पाठवलेल्या कॉलेजांच्या यादीत इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठातले दोन्ही अभ्यासक्रम तूच खोडलेले पाहून मला वाईट वाटले. ते गुणांच्या भीतीने नव्हे, फीच्या भीतीने खोडले आहेस, हे उघड आहे. घरात आधी कोणी कॉलेजात गेलेले नसले, की माहितीपत्रकातला आकडा पूर्णपणे आपल्यालाच भरायचा आहे असे वाटते; पण मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत, मध्य प्रदेश बोर्डाच्या बारावीत ७० किंवा सीबीएसईत ८५ टक्के मिळवून उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या विद्यार्थ्यांची शैक्षणिक फी शासन भरते. मेसचा खर्च आणि अनामत रक्कम त्यात येत नाही, म्हणून तेवढ्या पैशांबद्दल आईशी आताच बोलून ठेव.

विद्यापीठाच्या विभागांतल्या अनेक अभ्यासक्रमांचे प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात आणि त्या परीक्षेचा फॉर्म बारावीच्या निकालाच्या बराच आधी भरावा लागतो. ‘आधी निकाल लागू दे, मग बघू’ असे वडीलधारी माणसे काळजीपोटीच म्हणतात, पण तोवर ती वाट बंद झालेली असते. सरकारी कॉलेजांचे प्रवेश निकालानंतर ई-प्रवेश पोर्टलवरून होतात, तोही फॉर्म भर. १८९१ सालचे होळकर विज्ञान महाविद्यालय त्याच मार्गाने मिळते आणि तिथे बी.एस्सी. करणे ही तडजोड आहे असे मी मुळीच मानत नाही.

आता कागदपत्रांविषयी, कारण हुशार मुलांची शिष्यवृत्ती बहुधा इथेच अडकते. आपण मराठी माणसे आपले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही लिहितो. इंदूरच्या शाळांत मात्र पुष्कळदा नुसते नाव आणि आडनाव चढते, आणि हिंदीत लिहिताना ‘पवार’चे ‘पंवार’, ‘पाटील’चे ‘पाटिल’ होते. मग मार्कशीटवर एक, आधारवर दुसरे आणि समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश शासनाच्या रहिवासी नोंदीत, तिसरेच नाव दिसते, आणि माणसाला सहज कळणारा हा फरक पोर्टलला मुळीच चालत नाही. दहावीची मार्कशीट प्रमाण धर, त्याप्रमाणे आधी आधार, मग समग्र आणि शेवटी बँकेचे खाते दुरुस्त करून घे. खाते आधारशी जोडलेले आहे का, हे बँकेत जाऊन स्वतः विचार, कारण शिष्यवृत्तीचा पैसा त्याच खात्यात येतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लोकसेवा केंद्रात आताच अर्ज कर.

एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर, म्हणजे सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात, फॉर्म भरलास तरी मोबाईल नंबर घरचाच दे आणि पासवर्ड वहीत लिहून ठेव. दुकानदाराचा नंबर दिला की ओटीपीही त्याच्याकडेच जातो आणि जागा मिळाल्याचा निरोपही. प्रवेशाच्या वेळी मूळ मार्कशीट पडताळणीसाठी दाखव, पण ती ठेवून घेऊ लागले तर नम्रपणे परत माग. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे कॉलेजांनी अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे.

खोडलेले दोन्ही अभ्यासक्रम यादीत पुन्हा लिही. येत्या रविवारी आईला आणि सगळे कागद घेऊन घरी ये. एखादा दाखला हाती आला नसेल तरी ये, सीयूईटीचा फॉर्म आपण एकत्र बसून भरू.

तुझी हितचिंतक