आई-बाबांना टोरंटोचं ब्लॅक क्रीक पायोनियर व्हिलेज (आताचं नाव 'द व्हिलेज ॲट ब्लॅक क्रीक'), म्हणजे जुन्या घरांचं ते उघड्यावरचं संग्रहालय, दाखवावं का, की कंटाळतील?

दाखवाच. सीएन टॉवर त्यांनी नाही पाहिला तरी चालेल.

"असली जुनी घरं आपल्या गावाकडेही होती, त्यात बघायचं काय" असं तुम्ही विचारलंय. माझा मोठा भाऊ अगदी हेच म्हणाला होता, म्हणून लिहायला बसले.

2018 च्या उन्हाळ्यात आई, दादा आणि वहिनी आमच्याकडे आले होते. दादा तिकिटाच्या खिडकीपाशीच कुरकुरला. आई मात्र आत शिरल्यापासून एकेका घरात रेंगाळत होती. तिथे स्टाँग या शेतकरी कुटुंबाचं 1816 चं ओंडक्यांचं घर आहे आणि त्यांनीच 1832 मध्ये बांधलेलं दुसरं, मोठं घर. दोन्ही मूळ जागेवरच आहेत. पहिल्या घरात चूल, झोपणं, सूत कातणं सगळं एकाच खोलीत. आई म्हणाली, "सोळा वर्षं काढली गं या घरच्या बाईने यात, मग दुसरं घर मिळालं." स्टाँगांची सून असल्यासारखं तिचं बोलणं चाललं होतं.

मग आम्ही रॉब्लिनच्या गिरणीत गेलो. 1842 ची ही पाणचक्की मूळची ऑन्टारियोतल्याच अमेलियासबर्ग गावची. तिथे ती पाडली जात असताना तिचं सामान इथे आणून गिरणी पुन्हा उभी केली. दळणाचा दगड बघून आई खाली वाकली आणि चरांवरून बोट फिरवत म्हणाली, "याला टाकी कोण लावतं, विचार." टाकी लावणं म्हणजे झिजलेला दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करणं. गिरणी दाखवणाऱ्या, जुन्या पोशाखातल्या माणसाला मी विचारलं. तो खूश झाला आणि त्याने सगळं समजावलं: चर झिजले की दगड उलटवून पुन्हा छिन्नीने खोल करायचे, पीठ त्याच चरांतून बाहेर सरकतं. आई म्हणाली, "आपल्या जात्याला नुसते टाके असतात, पण काम तेच." मग ती आजीच्या जात्याबद्दल बोलत राहिली, टाकी लावायला बाई यायची ती कुठे बसायची, तिला पायलीभर जोंधळे कसे द्यायचे. पन्नास वर्षांत यातलं अवाक्षर तिने मला सांगितलं नव्हतं.

ते जातं आता आमच्या गावच्या नव्या स्लॅबच्या घरामागे पालथं पडलंय, त्यावर कपडे आपटतात. जुन्या घराचे खांब आणि तुळया दादाने भंगारवाल्याला विकल्या, आईला न विचारता. "जुनं ठेवून करायचंय काय?" असं तेव्हा तो म्हणाला होता. गिरणीत तो आईकडे बघत उभा होता, पण काही बोलला नाही. माझं आजही मत आहे की त्याने विचारायला हवं होतं. निदान ते जातं तरी ओसरीत ठेवायला काय हरकत होती?

तुमच्या गावी जुनं घर उभं असेल, तर आई-बाबांना व्हिलेजमधून परत आणल्यावर त्याच संध्याकाळी त्या घराचा विषय काढा. फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा.

बाकी, पायोनियर व्हिलेज या जुन्या नावाचंच सबवे स्टेशन आहे, तिथून जाता येतं. उघडे दिवस आधी बघून घ्या, हिवाळ्यात नेऊ नका. चालणं बरंच होतं आणि जुन्या घरांत पायऱ्या असतात, गुडघे दुखत असतील तर गिरणी आधी करा. आणि हे गोऱ्या वसाहतवाल्यांचं गाव आहे, त्यांच्या कित्येक पिढ्या आधी वेंडॅट हे इथले मूळनिवासी लोक या भागात मका पिकवत होते, तेही आई-बाबांना सांगा. माझ्या आईने विचारलं होतं, "यांच्या आधी इथे कोण होतं?" तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं.