मधलं शून्य आणि उसना दशक

प्रश्न : मुलगी ६२ − ३८ बरोबर सोडवते, पण ५०३ − २७८ चं उत्तर कधी ३७५, कधी १३५, तर कधी २३५ काढते. नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर : खरं उत्तर २२५. तिन्ही चुका वेगळ्या आहेत, म्हणून उत्तरं खोडण्याआधी नीट पाहा. ३७५ आलं, तर तिने ३ मधून ८ जात नाहीत म्हणून ८ मधूनच ३ वजा केले आणि दशकात ७ मधून ०. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक, वर कोण आणि खाली कोण हे न बघता. १३५ मध्ये बरोबर ९० कमी पडतात: शतक मोडून एककाला फक्त १० दिले, उरलेले ९ दशक कुठेच लिहिले नाहीत, आणि मग दशकासाठी दुसरं शतक मोडलं. २३५ मध्ये शून्याचे १० केले, पण त्यातला एक दशक एककाला दिल्यावर ९ करायचं राहिलं.

यावर काड्यांचे गठ्ठे सगळ्यात चांगले. शंभराचे ५ गठ्ठे आणि ३ सुट्या काड्या मांडा. शंभराचा एक गठ्ठा सोडला की दहाचे १० गठ्ठे मिळतात. त्यातला एक सोडला की १० सुट्या काड्या. आता ४ शतक, ९ दशक, १३ एकक. हे तिलाच मिळवायला लावा: ४०० + ९० + १३ = ५०३. काहीच कमी झालेलं नाही, हे तिला स्वतःला दिसलं पाहिजे; नुसतं ‘शून्यावर नऊ लिही’ सांगून भागत नाही. मग १३ − ८ = ५, ९ − ७ = २, ४ − २ = २.

हे पक्कं झाल्यावर ५०३ म्हणजे ५० दशक ३ एकक असं वाचायला शिकवा. एक दशक सुटा केला की ४९ दशक आणि १३ एकक. ४००० − १६३७ मध्येही तसंच: ४०० दशकांचे ३९९ दशक आणि १० एकक. उत्तर २३६३.

प्रश्न : आजोबा वरचा अंक कमी न करता खालच्या अंकात एक मिळवतात. ते चालेल?

उत्तर : चालेल. वरच्या एककात १० आणि खालच्या दशकात १ वाढवला, म्हणजे दोन्ही संख्या १० नेच वाढतात आणि फरक तोच राहतो. मात्र एका गणितात दोन रीती मिसळल्या, तर तोच दशक दोनदा वजा होतो. त्यामुळे पहिली रीत पक्की होईपर्यंत दुसरी दाखवू नका. ताळा मात्र दोन्हींत एकच: २२५ + २७८ = ५०३.