संस्थास्तरीय जागा, मागच्या तारखेची पावती आणि छाननी पत्रकावरची सही

प्रश्न : मी पुण्याजवळच्या एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश समुपदेशक आहे. पगार बेताचा असून प्रत्येक प्रवेशामागे इन्सेंटिव्ह मिळतो. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या बऱ्याच जागा रिकाम्या असतानाही 'शेवटच्या तीनच जागा उरल्या आहेत' असे पालकांना फोनवर सांगण्याची आम्हाला तोंडी सूचना आहे. यंदा कॉम्प्युटर शाखेच्या संस्थास्तरीय जागांसाठी सीईटीत ८८ पर्सेंटाइल मिळवलेल्या एका मुलीचा अर्ज 'एलसीची (शाळा सोडल्याच्या दाखल्याची) मूळ प्रत नाही' असा शेरा मारून अपूर्ण ठरवण्यात आला आणि ७१ पर्सेंटाइलच्या मुलाला प्रवेश मिळाला. त्याच्या वडिलांकडून तीन लाख रुपये रोख घेतले गेले. पावती ट्रस्टला दिलेल्या देणगीची आहे आणि तिच्यावर मागची तारीख आहे. छाननी पत्रकावर माझी सही आहे, पण पैशांचे मला नंतर कळले. मी दोषी ठरेन का? नोकरी सोडल्यास तीन महिन्यांचा पगार भरावा लागेल, असे नियुक्तीपत्रात आहे. त्या मुलीला मी काही सांगावे का?

उत्तर : मुलीविषयीचा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे. मात्र आपल्या तिन्ही प्रश्नांपैकी मुदतीचे बंधन त्यालाच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

संस्थास्तरीय जागा म्हणजे संस्थेने आपल्या मर्जीने वाटायच्या जागा, हा समज पालकांमध्ये आणि दुर्दैवाने संस्थाचालकांमध्येही रुजलेला आहे. कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्र विनाअनुदानित खासगी व्यावसायिक शैक्षणिक संस्था (प्रवेश व शुल्क यांचे विनियमन) अधिनियम, २०१५ या कायद्याने काही जागा संस्थेच्या पातळीवर भरण्याची मुभा दिली आहे, परंतु त्या जागांसाठी जाहिरात देणे, अर्ज मागवणे, गुणवत्ता यादी लावणे आणि त्या यादीच्या क्रमानेच प्रवेश देणे संस्थेवर बंधनकारक आहे. या कायद्याच्या कितीतरी आधी, २००५ साली, महाराष्ट्रातूनच गेलेल्या पी. ए. इनामदार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने हेच सांगितले होते. विनाअनुदानित संस्थेला प्रवेश देण्याची स्वायत्तता आहे, पण ती प्रक्रिया न्याय्य, पारदर्शक आणि शोषणमुक्त असली पाहिजे, आणि कॅपिटेशन फीला, म्हणजे मंजूर शुल्काबाहेर घेतलेल्या पैशांना, तिच्यात थारा नाही.

त्यामुळे त्या मुलीचा अर्ज ज्या कारणाने बाजूला पडला, ते कारण खरे होते का, यावर सारे अवलंबून आहे. अर्जासोबत एलसीची छायाप्रत होती का? मूळ प्रत प्रवेशाच्या वेळी मागायची होती की अर्जाच्या वेळीच, याविषयी जाहिरातीत काय लिहिले होते? त्रुटी पूर्ण करण्यासाठी तिला ईमेल, संदेश किंवा फोन गेला का, आणि तो किती दिवस आधी गेला? मूळ प्रत नसणे हे कारण इतर अर्जदारांनाही लावले असेल, तर संस्थेला काही बचाव आहे. ते फक्त तिलाच लावले असेल, तर तो बचाव टिकणे कठीण आहे. या प्रश्नांची उत्तरे आपल्या कार्यालयातील अर्जाच्या फाइलमध्ये आणि आवक नोंदवहीत आहेत.

आपला अर्ज अपूर्ण का ठरला आणि आपण गुणवत्ता यादीत कुठे बसत होतो, हे जाणून घेण्याचा हक्क अर्जदाराला आहे. तिने विचारल्यास ते तिला सांगण्यात, किंवा 'आपल्या अर्जाच्या शेऱ्याविषयी लेखी विचारणा करा' असे तिला कळवण्यात, आपण कोणताही कायदा मोडत नाही. त्या मुलाची कागदपत्रे किंवा पावती मात्र तिच्या हाती देऊ नका, कारण ती त्याची खासगी माहिती आहे आणि ती मागवण्याचा अधिकार चौकशी करणाऱ्या यंत्रणेला आहे. मुलीने प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी, तिची प्रत तंत्रशिक्षण विभागाच्या पुणे विभागीय कार्यालयाला द्यावी, आणि प्रवेशाची अंतिम तारीख जवळ आली असेल तर थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी. कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले असले तरी पुणे जिल्हा त्याच्या कक्षेत नाही, त्यामुळे ही याचिका मुंबईतच दाखल होईल. अंतिम तारखेचा आग्रह मी धरतो, कारण ती उलटून गेल्यावर न्यायालये प्रवेश देण्यास फार नाखूश असतात. वैद्यकीय प्रवेशाबाबत २०१९ च्या एस. कृष्णा श्रद्धा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विद्यार्थ्याचा काहीही दोष नसेल आणि त्याने विलंब न लावता दाद मागितली असेल, तर अपवादात्मक परिस्थितीत मुदतीनंतर साधारण महिनाभरात प्रवेशाचा आदेश देता येईल. अभियांत्रिकीसाठी त्या तत्त्वाचा आधार घेता येईल, पण विलंब न लावल्याची अट तिथेही आडवी येईल.

त्या मुलाचाही विचार करायला हवा. संस्थेने दिलेल्या प्रवेशांची छाननी प्राधिकरण करते आणि नियमबाह्य प्रवेशाला मान्यता नाकारू शकते. तीन लाख मोजणाऱ्या वडिलांना हे कोणी सांगितलेले नसणार. असे प्रकरण पुढे आले की संस्था दंड भरून मोकळी होऊ शकते, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाला बसलेला मुलगा मधल्या मध्ये लटकतो. मला या व्यवहारातली ही बाजू सर्वांत क्रूर वाटते.

आता आपल्या सहीविषयी. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेण्यास १९८७ च्या अधिनियमाने बंदी आहे. मंजूर शुल्कापेक्षा जास्त घेतलेली कोणतीही रक्कम, तिला देणगी म्हणा किंवा विकास निधी, या व्याख्येत बसते, आणि बंदी संस्थेप्रमाणेच संस्थेच्या वतीने पैसे मागणाऱ्या किंवा घेणाऱ्यालाही लागू आहे. शिक्षा किमान एक वर्ष आणि कमाल तीन वर्षे कारावासाची आहे. दात्यांकडून सद्भावनेने देणगी घेण्याची वाट कायद्याने खुली ठेवली आहे, पण त्या देणगीच्या बदल्यात जागा राखता येत नाही. मागची तारीख टाकण्याची गरज याच अटीमुळे पडते, आणि तीच तारीख उद्या संस्थेविरुद्ध पुरावा ठरेल. शिवाय एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारणे आयकर कायद्यानेही निषिद्ध आहे आणि त्याचा दंड घेणाऱ्यावर बसतो.

आपण पैसे मागितले नाहीत, घेतले नाहीत, पावतीही लिहिली नाही. त्यामुळे केवळ छाननी पत्रकावर सही आहे म्हणून आपण कॅपिटेशन फीच्या गुन्ह्यात दोषी ठराल, असे मला वाटत नाही. अधिक काळजी करण्याजोगे कलम वेगळे आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३४४, म्हणजे जुन्या दंडसंहितेचे ४७७-अ, हे कारकून, अधिकारी किंवा नोकर यांनी फसवणुकीच्या हेतूने मालकाच्या दप्तरात खोटी नोंद करण्याबद्दल आहे, आणि त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. त्याचा गाभा हेतूमध्ये आहे. एलसी खरोखरच नव्हती आणि आपण तेवढेच नोंदवले, तर गुन्हा होत नाही. एलसी फाइलमध्ये दिसत असताना वरिष्ठांच्या सांगण्यावरून 'नाही' लिहिले असेल, तर 'साहेबांनी सांगितले' हा बचाव फौजदारी न्यायालयात चालत नाही. या दोहोंपैकी काय घडले, हे आपल्या पत्रात नाही. वकिलाला भेटाल तेव्हा पहिल्यांदा तेच सांगा, आणि जसे घडले तसेच सांगा.

पैशांचे कळल्यानंतरचे आपले वर्तन आता महत्त्वाचे ठरेल. मी आपल्या जागी असतो, तर याच आठवड्यात प्राचार्यांना स्वतःच्या ईमेलवरून चार ओळी लिहिल्या असत्या : अमुक अर्ज क्रमांकाच्या छाननीबाबत मला शंका आहे, त्या अर्जाची फेरतपासणी व्हावी, आणि ती होईपर्यंत या यादीसंबंधीच्या कोणत्याही कागदावर मी सही करणार नाही. आरोप नको आणि विशेषणेही नकोत. व्हॉट्सॲपवर आलेल्या सूचना आपल्याच फोनमध्ये जशाच्या तशा राहू द्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह त्या न्यायालयात सादर करता येतात. कार्यालयातील मूळ कागद घरी नेऊ नका, त्याने तक्रारदाराचा आरोपी होतो. खासगी संस्थेतील जागल्याला, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्याला, संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे नाही. २०१४ चा कायदा लोकसेवकांच्या गैरव्यवहारापुरता आहे आणि तोही अमलात आलेला नाही. म्हणून आपली ढाल म्हणजे आपण वेळेवर केलेली लेखी नोंद.

'तीनच जागा उरल्या' हे खोटे विधान आहे, आणि त्यावर विसंबून पालकांनी बुकिंगची रक्कम भरली, तर ते न्याय संहितेतील फसवणुकीच्या कलम ३१८ च्या जवळ जाते. हे वाक्य उच्चारणे आजपासून बंद करा. ज्या पालकांनी घाईने पैसे भरले, त्यांना एआयसीटीईचा (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा) नियम सांगा : अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी प्रवेश रद्द केल्यास कमाल १००० रुपये वजा करून सर्व रक्कम परत मिळते आणि मूळ कागदपत्रे संस्थेला अडकवून ठेवता येत नाहीत. अमेरिकेत, सरकारी विद्यार्थी-अर्थसाहाय्य घेणाऱ्या महाविद्यालयांना प्रवेशांच्या संख्येवर कर्मचाऱ्यांना मोबदला देण्यास १९९२ पासून कायद्याने मनाई आहे. प्रवेशामागे पैसे मिळू लागले की समुपदेशक विक्रेता होतो, हे तिथे ओळखले गेले. आपल्याकडेही तशी तरतूद व्हावी, असे मला मनापासून वाटते. या विशिष्ट मुलाच्या प्रवेशाचा इन्सेंटिव्ह आपल्या खात्यात जमा झाला असेल, तर तो बँकेमार्फत परत करा आणि त्याचे कारण ईमेलमध्ये लिहा.

राहिली नोकरी. तीन महिन्यांच्या पगाराची अट आपोआप रद्दबातल आहे, असा दिलासा मी देणार नाही. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुदतपूर्व राजीनाम्यावर दोन लाखांची भरपाई मागणारी अट वैध ठरवली आहे. परंतु करार अधिनियमाच्या कलम २३ नुसार बेकायदा उद्देशाचा करार निरर्थक असतो, त्यामुळे बेकायदा काम नाकारल्याबद्दल संस्थेने आपल्याला बाहेर काढले, तर हीच रक्कम वसूल करणे तिला जड जाईल. म्हणून तो ईमेल पाठवण्याआधी राजीनामा देऊ नका. आपण संलग्न महाविद्यालयाच्या आस्थापनेवर असाल आणि सेवेतून काढल्याचा आदेश हाती आला, तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ च्या कलम ८१ खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्याची मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची आहे. नेमणूक एजन्सीमार्फत असेल, तर हा मार्ग बहुधा बंद आहे आणि दाद दिवाणी न्यायालयात मागावी लागेल. नियुक्तीपत्रावर कोणाचे नाव आणि शिक्का आहे, ते आजच पाहून ठेवा.