चार कोर्स झाले, आता एक खरं काम हातात घे की

बेटा,

नाव छापू नका म्हणालीस म्हणून नुसतं बेटा लिहिते. बाकी वाचणाऱ्यांसाठी पत्रातलं थोडक्यात सांगते. ही मुलगी सोलापूरचीच, मागच्या वर्षी बीकॉम झाली. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, आई घरी विड्या वळते, मोठा भाऊ मोबाईलच्या दुकानात. एमएससीआयटी, टॅली, अॅडव्हान्स एक्सेल, डिजिटल मार्केटिंग एवढं सगळं करून झालंय आणि आता पुण्याला जाऊन डेटा अॅनालिटिक्सचा सहा महिन्यांचा कोर्स करायचाय, ज्याची फी भरायला वडील कर्ज काढायला तयार आहेत. भाऊ म्हणतो शिकणं पुरे झालं, कुठंतरी चिकट आता. आणि तिचा प्रश्न असा, "मॅडम, मी अजून एकपण अर्ज केला नाही कारण मला पूर्ण येत नाही असं वाटतं. आधी नीट शिकू का आधी काम करू?"

पुण्याचा कोर्स आत्ता करू नको. हे आधीच सांगून टाकते कारण वडील पैशाची जुळवाजुळव करायलेत आणि ते आजच थांबायला पाहिजे. पण भाऊ म्हणतो तसं शिकणं बंदही करायचं नाहीये.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. चारही कोर्सची नावं आहेत, कधी केले ते आहे, ग्रेड आहे, पण त्यातलं काय कुठं वापरलं याची एक ओळ नाही. टॅली शिकलीस, पण एखाद्या खऱ्या दुकानाचा एका महिन्याचा हिशोब टाकलायस का? एक्सेलमधलं पिव्होट टेबल, म्हणजे मोठ्या यादीचा गोषवारा काढायचा तक्ता, येतं म्हणतेस, डेटा कुणाचा होता? क्लासनं दिलेली फाईल ना? त्या फाईलमध्ये सगळं नीटनेटकं असतं गं, तारखा एकाच पद्धतीनं, नावं एकाच स्पेलिंगनं, उत्तर बरोबर यावं म्हणूनच बनवलेली असते ती. मग क्लासमध्ये सगळं येतंय असं वाटतं, घरी कोरी शीट उघडली की काहीच सुचत नाही, आणि सुचत नाही म्हणजे आपलंच शिकणं कमी पडलं असं समजून आपण पुढचा कोर्स शोधायला लागतो. माझ्याकडे येणारी कितीतरी मुलं-मुली यातच अडकलेली असतात, आणि ती आळशी अजिबात नसतात, उलट घरच्यांचा पैसा वाया जाऊ नये म्हणून जीव तोडून शिकत असतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

येतंय असं वाटणं आणि खरंच येणं यातला फरक लोकांनी नीट तपासून बघितलाय. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा परत परत वाचला, काहींनी वाचून झाल्यावर तो बंद केला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे निघाले. तू तोच टॅलीचा व्हिडिओ तिसऱ्यांदा बघतेस तेव्हा ती पहिली पाच मिनिटं चालू असतात, त्याच्यावर भरवसा ठेवू नको.

आता खरं काम कसं शिकवतं ते सांगते, तुझ्याच विषयातलं. व्यापाऱ्याला दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी मिळतं, म्हणजे त्याला माल विकणाऱ्यांनी त्याच्या नावावर कोणकोणती बिलं दाखवली त्याचा तक्ता. ते आपल्या खरेदीच्या रजिस्टरशी जुळवायचं, कारण जे बिल तिथं दिसत नाही त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, अडकतं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याची ३बीची, म्हणजे महिन्याचा हिशोब देऊन कर भरायच्या रिटर्नची, तारीख २०, म्हणजे मधले पाच-सहा दिवस टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात नुसती धावपळ असते. क्लासमध्ये तू व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतलं दुसऱ्या यादीत शोधायचं एक्सेलचं सूत्र, शिकलीयस, इथं तेच लावायचं, सोपं वाटतं की नाही? लावून बघ. निम्मी बिलं जुळणारच नाहीत. का, तर सूतवाल्यानं बिलाचा नंबर स्लॅश देऊन, पुढं शून्य लावून, वर्षासकट टाकलाय आणि दुकानातल्या पोरानं नुसतं ४५ लिहिलंय. कुठं नंबरच्या मागं एक स्पेस राहिलीय जी डोळ्याला दिसतच नाही, कुठं आकडा टेक्स्ट म्हणून बसलाय, कुठं पैशाच्या राउंडिंगमुळं एक रुपयाचा फरक आहे. मग तू चिडतेस, शोधतेस, तुला जादा स्पेस काढणारं ट्रिम सापडतं, मग टेक्स्टचा आकडा करणारं व्हॅल्यू सापडतं, मग कळतं की नुसत्या बिल नंबरवर न जुळवता जीएसटी नंबर आणि रक्कम एकत्र धरून जुळवलेलं बरं. त्या एका संध्याकाळी शिकलेलं तू विसरणार नाहीस. आणि ज्या डेटा अॅनालिटिक्ससाठी पुण्याला जायचं म्हणतेस ना, त्यातलं बरंचसं काम हेच असतं, घाण डेटा साफ करायचा आणि मग त्याला प्रश्न विचारायचा. म्हणजे त्या कोर्सचा पहिला भाग तुला इथं, नव्या पेठेतल्या एखाद्या दुकानाच्या बिलांवर, फुकट करता येतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच, पुढं काय शिकायचं ते क्लासच्या जाहिरातीला ठरवू देऊ नको, हातातल्या कामाला ठरवू दे. जिथं अडलं तेवढं त्याच रात्री शिकायचं आणि सकाळी वापरायचं. वडलांना विचार एकदा, माग कसा शिकलात म्हणून. तुटलेला धागा जोडायची गाठ त्यांना कुणी फळ्यावर शिकवली नसणार, शेजारच्या मागावरच्या माणसानं दाखवली आणि लगेच हातानं मारायला लावली असेल.

हां, पण सगळीकडं आधी उडी मारायची असंही माझं म्हणणं नाही. चूक झाली तर ती कुणाला भोगावी लागेल ते बघायचं. स्वतःच्या शीटमधली चूक पुसून टाकता येते, तिथं शिकत बसायचंच नाही, थेट सुरू करायचं. पण ३बी एकदा भरला की तो रिव्हाइज करता येत नाही, दुरुस्ती पुढच्या रिटर्नमध्ये करावी लागते, आणि व्याज लागलं तर त्या व्यापाऱ्याच्या खिशातून जातं. असलं काम अनुभवी माणसाच्या हाताखाली बसूनच करायचं, तपासल्याशिवाय सबमिट करायचं नाही. नर्सिंग, वायरमन असल्या कामात तर आधी शिकल्याशिवाय हात लावायचाच नसतो. तुझ्या क्षेत्रातलं बरंचसं काम मात्र पुसता येण्यासारखं आहे, आणि तू त्यालाच घाबरून बसलीयस.

भावाला पण माझा निरोप दे. तो म्हणतो ते निम्मं बरोबर आहे. एकदा चिकटलं आणि शिकणं सोडलं की काय होतं ते आपण २०१७ मध्ये बघितलंय. १ जुलैला जीएसटी आला आणि वर्षानुवर्षं व्हॅटचं काम डोळे झाकून करणारे अनुभवी अकाउंटंट गोंधळून गेले, ज्यांनी बसून नवीन शिकून घेतलं ते टिकले. आत्ताचंच बघ, तयार कपड्यांना ५ टक्के दर लागायची मर्यादा १००० रुपयांपर्यंत होती, २२ सप्टेंबर २०२५ पासून ती २५०० झाली आणि त्याच्यावर १८ टक्के. तुझ्या टॅलीच्या नोट्समध्ये अजून जुनंच असणार. सोलापूरसारख्या गावात, जिथं युनिफॉर्मचे एवढे कारखाने आहेत, तिथं हा बदल माहीत नसलेला अकाउंटंट कोण ठेवून घेईल सांग? म्हणून कामाला लागलीस तरी रोज अर्धा तास शिकायला राखून ठेवायचाच.

आता करायचं काय. ओळखीतलं एखादं छोटं युनिफॉर्मचं युनिट नाहीतर दुकान शोध, वडलांच्या ओळखी आहेत की. त्यांना म्हण, तुमचा साइजप्रमाणे स्टॉक मी एक्सेलमध्ये लावून देते, पैसे नकोत. शाळा जूनमध्ये उघडतात, सीझन संपला की कुठल्या शाळेच्या कुठल्या साइज पडून राहिल्या हे बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, कागदावर नसतं. मागच्या सीझनची बिलं घे, साइज, शाळा, किती शिवले, किती गेले, एवढंच टाक. त्यातून "२८ साइज जास्त शिवली, ३२ कमी पडली" असलं एक वाक्य जरी निघालं तरी मालक पुढच्या वर्षी तुला शोधत येईल. फुकट काम मात्र एकदाच, आणि छोटंच. महिनोन्महिने कुणी फुकट राबवून घेत असेल तर सरळ निघून यायचं.

त्याच वेळी सीए आणि करसल्लागारांच्या ऑफिसात अर्ज टाकायला सुरू कर. पगार सुरुवातीला कमीच असणार, खोटं सांगत नाही. पण तिथं एका वर्षात किराणा, सूत, कपडा, बांधकाम, सगळ्यांची पुस्तकं डोळ्याखालून जातात. शिवाय केंद्र सरकारच्या एनएटीएस, म्हणजे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेच्या, पोर्टलवर नाव नोंदव, पदवी झालेल्यांना एक वर्षाची अप्रेंटिसशिप मिळते, स्टायपेंड मिळतो, शेवटी सर्टिफिकेटही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालची योजना आहे ही, बीकॉमवाल्यांनापण चालते, आपल्याकडं मात्र ती इंजिनिअरिंगच्या मुलांसाठीच आहे असं समजून कॉमर्सची मुलं फिरकतच नाहीत.

पूर्ण येत नाही म्हणून अर्ज केला नाही म्हणतेस. जाहिरातीत दहा गोष्टी लिहिलेल्या असतात, त्यातल्या निम्म्या येत असतील तर टाक अर्ज. पूर्ण येतंय असं वाटायचा दिवस मलाही कधी आलेला नाही आणि या क्षेत्रातल्या कुणाला आल्याचं मी ऐकलं नाही. मुलाखतीला जाताना सर्टिफिकेटच्या फाईलबरोबर त्या स्टॉकच्या शीटची प्रिंट ने, मालकाला विचारून, त्यांचं नाव आणि भाव झाकून. काय अडलं, कसं सोडवलं, ते सांग. इंग्रजी अडखळलं तर मराठीत सांग, कन्नड येत असेल, तेलुगू येत असेल तर तेही सांग, आपल्या गावातल्या धंद्यात त्याची किंमत आहे.

पुण्याच्या कोर्सचं म्हणशील तर सहा महिने काम करून बघ आणि मग ठरव. तोपर्यंत तुला काय अडतंय ते नेमकं कळलेलं असेल, कदाचित पूर्ण कोर्स लागणारच नाही, डेटाचे तक्ते-आलेख करायचं पॉवर बीआय तेवढं शिकून भागेल. लागलाच तर त्यातला काही पैसा तुझ्या पगारातला असेल. आणि तो क्लासवाला आता रोज फोन करत असेल, ऑफर आज संपतेय म्हणून, कागद व्हॉट्सअॅपवर पाठवतो नुसती सही करा म्हणून. वडलांना सही करू देऊ नको. हप्त्यानं फी म्हणजे बऱ्याचदा एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, कंपनी क्लासला पैसे आधीच देऊन टाकते आणि हप्ते आपण कंपनीला भरत राहतो. क्लास आवडला नाही, मधेच सोडला, तरी हप्ते थांबत नाहीत, आणि चुकले तर वडलांचं सिबिल खराब होतं, मग उद्या घरासाठी कर्ज मागायला गेले तर तिथं अडतं. सही झालीच असेल तर तो कागद घेऊन याच आठवड्यात मला येऊन भेट, रद्द करायची मुदत त्यात लिहिलेली असेल तर ती निघून जायच्या आत.