गुडघ्याची झिजलेली गादी जडीबुटीनं परत भरते का?

तुमच्या आईचं वय ६२, दोन्ही गुडघे झिजलेत, ऑपरेशनला नको म्हणायल्यात, अन् कुणीतरी सांगितलं की जडीबुटीच्या चूर्णानं गादी परत भरते, तर द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं परभणी जिल्ह्यात मेडिकल आहे, कापूस वेचणी सुरू झाली की गुडघ्याचं औषध मागणाऱ्या बायका लै येतात, त्यामुळं हे बोलणं रोजचंच.

गादी परत भरत नाही. ही गादी म्हणजे हाडाच्या टोकावरची कूर्चा, तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून ती जखमेसारखी भरून येत नाही. पण झाडपाल्याची औषधं सगळीच फालतू असंही नाही बरं का. शल्लकी, म्हणजे सालईचा डिंक, त्याच्यावर नागपूरला ३० पेशंटचा अभ्यास झालाय, २००३ ला छापून आला, दुखणं अन् सूज कमी झाली, चालणं वाढलं, पण एक्सरेत बदल काहीच नाही. हळदीच्या अर्काचंही तसंच, ऑस्ट्रेलियात ७० जणांना १२ आठवडे दिला, दुखणं कमी झालं, एमआरआयमध्ये कूर्चेत फरक नाही. आणि तो अर्क होता, हळदीतलं गुणाचं द्रव्य कर्क्युमिन, ते हळदीत साधारण ३ टक्केच असतं, दुधात चमचाभर हळद टाकून तेवढं मिळत नाही.

मला खरी भीती बाजारात मिळणाऱ्या पुडीची वाटते. नाव नाही, बॅच नंबर नाही, अन् दोन दिवसांत माणूस चालायला लागतो. एवढ्या लवकर झाडपाला काम करत नाही, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं बऱ्याचदा सापडलंय. आमच्या एक गिऱ्हाईक मावशी, तोंड गोल सुजलेलं, हातावर निळे डाग, हातपाय मात्र काडीसारखे, शुगर वाढलेली, आणि घरचे म्हणायले तब्येत सुधारली! स्टेरॉइडनं हाड बनवणाऱ्या पेशी दबतात, मणका ठिसूळ होतो, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तिथलं हाड मरतं. म्हणजे गुडघा वाचवायला गेलात अन् खुबा गमावला. आई अशी पुडी आधीच घेत असतील तर एकदम बंद करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं थांबलेलं असतं, बीपी पडून जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन फिजिशियनकडं जा, ते डोस हळूहळू उतरवतील.

आयुर्वेदिकच द्यायचं असेल तर डिग्रीवाल्या वैद्याकडून, सीलबंद, लायसन नंबर असलेलं, अन् एका वेळी एकच, म्हणजे काय लागू पडलं ते कळतं.

औषधाइतकंच महत्त्वाचं म्हणजे मांडीचा स्नायू. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच-दहा सेकंद धरायचा, खाली सोडायचा, सकाळ-संध्याकाळ, असं निदान दोन-तीन महिने. वजन जास्त असेल तर कमी करायला लावा, १ किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोनं कमी होतो. उकिडवं बसून खुरपणं बंद, संडासात कमोडची खुर्ची ठेवा, या खुर्चीला बायका लाजतात पण तुम्ही आणाच.

रात्री दुखून झोपमोड होत असेल किंवा पाय धनुकलीसारखे वाकले असतील तर एकदा ऑर्थोपेडिकला दाखवाच, दाखवलं म्हणजे लगेच ऑपरेशन करावं लागतं असं नाही. आणि आईला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, ते इथं लिहा, असेल तर हळदीचा अर्क डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायचा नाही.