कोथरूडच्या जुन्या बंगल्यातली तळमजल्यावरची बाथरूम वरच्या मजल्यावर नेता येईल का?

येईल, पण जागा पाइप बघून ठरवा. शक्यतो सध्याच्या बाथरूमच्या बरोबर वर घ्या, म्हणजे संडासाचा चार इंची पाइप सरळ खाली उतरतो. बाजूला नेलीत तर दर दहा फुटांना साधारण तीन इंच उतार हवा, आणि जुन्या घरात फरशीखाली तेवढी जागा मिळत नाही. मग एकतर फरशी पायरीभर वर उचला, नाहीतर पाइप स्लॅबखालून नेऊन खाली फॉल्स सीलिंग करा. पाइपासाठी बीम मात्र कुणालाही फोडू देऊ नका! कोब्याचं, म्हणजे फरशीखालच्या वीट-सिमेंटच्या थराचं, वजन स्लॅब पेलेल का, हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर ट्रॅप, म्हणजे फरशीतली पाणी जायची जाळी, बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवा. आमच्याकडे भिंतीवर खडूने रेघ मारली होती. सकाळी पाणी बोटभर खाली, आणि खाली स्वयंपाकघराच्या छताला ओल. टाइल्स बसायच्या आत कळलं म्हणून निभावलं.

आणि हो, गच्चीवरची टाकी आता शॉवरच्या जेमतेम वर राहील. धार बारीक येईल, तेव्हा टाकी उंच करा किंवा प्रेशर पंप धरूनच खर्च काढा.